लाल बादलीचा खुलासा

सोमवारचे अकरा वाजले होते. जगातल्या अकरा गावांहून अकरा पत्रं संगणकावर येऊन पडली होती आणि बाराव्या गावाची, म्हणजे तिची स्वतःची, पाटी अजून कोरी होती. दुपारी बाराच्या आत तिचं पत्र जायला हवं होतं. बातमीदार म्हणून पंधरा वर्षं काढली आणि ऐन वेळी गल्लीत एक धड गोष्ट घडू नये, या विचाराने तिचं डोकं तापलं होतं.

ती एका चार पानी स्थानिक दैनिकात होती. चार पानं, चार माणसं आणि एक पंखा, एवढाच त्यांचा संसार. तिसऱ्या पानावर दर गुरुवारी अर्ध्या पानात ‘जगाची गल्ली’ नावाचं सदर येई, ते तिचं लेकरू. वेगवेगळ्या देशांतल्या बारा लहान वर्तमानपत्रांच्या बारा बातमीदारांनी आपसांत ठरवलं होतं, की मोठ्या बातम्या मोठ्यांना लखलाभ. आपण दर सोमवारी एकमेकांना आपापल्या गल्लीतली एक गोष्ट कळवायची, आणि ज्याला जी आवडेल ती त्याने आपल्या भाषेत छापायची. या बाराजणांनी एकमेकांची तोंडंही पाहिली नव्हती. कुणी बंदरवाला, कुणी डोंगरवाली, सगळ्यांत वडील ते कालव्याकाठचे आजोबा. ती स्वतः ‘पुलाजवळची’.

नियम दोनच होते. गोष्ट आपल्या घरापासून चालत जाता येईल एवढ्या अंतरातली हवी, हा पहिला. आणि ज्याची गोष्ट, त्याला स्वतःच्या तोंडाने विचारलेलं हवं, हा दुसरा. दुसरा नियम आजोबांनी घातला होता, पण तो पाळायला लावण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. बंदरवाल्याने एकदा ‘असं ऐकतो’ म्हणून काहीतरी लिहिलं, तर तिने त्याला उलट टपाली झापलं होतं, “ऐकतोस म्हणजे काय? विचारलंस का?”

तिला कुतूहलाचं व्यसनच होतं म्हणा ना. डोंगरवालीच्या गावात एक हंस रोज त्याच वळणावर बस अडवायचा आणि चालकाने टोपी काढली की बाजूला व्हायचा. तो टोपीच का काढायला लावतो, हे कळेना म्हणून हिला तीन दिवस अन्न गोड लागलं नव्हतं. बंदरवाल्याच्या गावातल्या ग्रंथपाल बाईंनी स्वतःच्याच ग्रंथालयाचं पुस्तक एकेचाळीस वर्षांनी परत केलं आणि स्वतःलाच चारचौघांत खडसावलं. ती बातमी वाचून ही कचेरीत एकटीच टाळ्या पिटत बसली होती.

संपादकसाहेबांचं मत वेगळं होतं. “बाई, लोकांना जगात काय चाललंय ते नको असतं. आपल्या राशीत काय चाललंय ते हवं असतं,” ते म्हणाले होते. “त्या अर्ध्या पानात भविष्य टाकू. महिनाअखेरपर्यंत तुमच्या गल्लीला वाचकांची वीस पत्रं आली, तर गल्ली राहील. नाहीतर मेष, वृषभ, मिथुन!”

गेल्या दोन महिन्यांत पत्रं आली होती तीन. एकात टाइप बारीक असल्याची तक्रार होती, एक चुकून आलं होतं, आणि तिसरं तिच्या नवऱ्याने टोपणनावाने लिहिलं होतं.

तर असा तो सोमवार. त्या दिवशी ती किल्ल्या बनवणाऱ्याची गोष्ट पाठवणार होती, कारण त्याने स्वतःच्याच घराची किल्ली हरवून खिडकी फोडली होती. पण ऐन वेळी त्याने हात जोडले, “ताई, एवढं छापू नका हो. पोटावर पाय येईल.” तिने छापायचं रद्द केलं. आता उरला एक तास. आणि त्या एका तासात तिला सकाळी घरातून निघताना पाहिलेली लाल बादली आठवली.

बादली तिच्या सासऱ्यांची. अण्णा वजनमापे खात्यातले निवृत्त निरीक्षक. तीस वर्षं त्यांनी दुकानदारांचे तराजू आणि कापडवाल्यांचे गज तपासले, त्यामुळे बोलतही मोजूनमापून. नवऱ्याला त्यांच्याबद्दल काही विचारलं, की तो म्हणे, “मला विचारू नकोस. मीच चाळीस वर्षांत काही विचारलेलं नाही.” दोन वर्षांपूर्वी नवराबायको त्यांच्याकडे राहायला आली, तेव्हापासून ती रोज सकाळी एक दृश्य बघत होती. बरोबर आठ वाजता अण्णा पहिल्या मजल्यावरच्या गॅलरीत येत, वरच्या आकड्याला लाल बादली टांगत आणि तिच्यामागे खुर्ची टाकून चहा पीत. दोन मिनिटांत अरुंद रस्त्यापलीकडच्या गॅलरीत शिंपीकाका येत, दोरीवर एक हिरवं कापड पसरत आणि त्यामागे बसून चहा पीत. नऊ वाजले की बादली खाली, कापड आत. थंडी असो, ऊन असो, एक दिवस खाडा नाही.

सुतावरून स्वर्ग गाठायची हौस बातमीदाराला उपजतच असते, आणि इथे तर सूतही शिंप्याचं. तिने झरझर लिहिलं, ‘आमच्या गल्लीत समोरासमोर दोन म्हातारे मित्र राहतात. रोज आठ वाजता एक लाल बादली टांगतो. म्हणजे, मी ठीक आहे, तू? दुसरा हिरवं कापड पसरतो. म्हणजे, मीही ठीक आहे. ज्या दिवशी बादली दिसणार नाही, त्या दिवशी दुसरा धावत जाईल.’

लिहून झाल्यावर दुसऱ्या नियमाने मान वर काढली. अण्णांना विचारायला हवं होतं. पण अण्णा फोन उचलत नसत, घर वीस मिनिटांवर, आणि बाराला सात मिनिटं कमी. घरचाच तर माणूस, त्याला काय विचारायचं, असं मनाशी म्हणून तिने पत्र पाठवून दिलं. जगभर प्रश्न विचारत फिरणाऱ्या बाईला घरातल्या गॅलरीत विचारायला वेळ मिळाला नाही. काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात, तो हा.

पुढच्या सोमवारी अकरापैकी सात पत्रांत लाल बादली होती.

डोंगरवालीने लिहिलं होतं, की तिच्या गावात चौदा घरांनी खिडकीत गुरांच्या घंटा टांगल्या आहेत आणि रोज सकाळी एकमेकांच्या घंटा मोजल्याशिवाय कुणी कामाला लागत नाही. बंदरवाल्याकडे एका निवृत्त कप्तानाने खिडकीबाहेर वल्हं लावलं होतं, शेजारणीने उत्तरादाखल तवा. आणि कालव्याकाठच्या आजोबांनी लिहिलं होतं, ‘मी सहसा रडत नाही. शनिवारी आमच्या एका बाईंच्या खिडकीत त्यांचं निळं पातेलं दिसलं नाही. शेजारी गेले. न्हाणीघराची कडी अडकून बाई दोन तास आत कोंडल्या होत्या. बाहेर आल्यावर त्यांनी पहिलं विचारलं, त्या लाल बादलीवाल्या दोस्तांचे आभार कसे मानायचे?’

तिला आनंदाने काय करू नि काय नको असं झालं. पण अण्णांना विचारायचं राहिलंच होतं. ‘आज विचारते’ असं ती रोज म्हणायची, आणि अण्णा लाल पेन्सिल घेऊन वर्तमानपत्रातल्या चुका मोजत बसलेले दिसले की ती मागच्या मागे वळायची. अण्णा तिचं वर्तमानपत्र वाचत नसत, तपासत. शेवटच्या पानापासून सुरुवात करत आणि पहिल्या पानावर दुपारच्या जेवणापर्यंत पोचत.

बुधवारी संपादकसाहेबांनी पान तपासताना चष्मा कपाळावर नेला. “बाई, ही लाल बादली कुठली?”

“आमच्या घरची.”

“तुमच्या घरची?” साहेब खुर्चीतून उठलेच. “जग आपली बादली टांगतंय आणि तुम्ही तिसऱ्या पानावर, तेही खाली लिहिताय? द्या इकडे!”

“साहेब, अजून थोडं विचारायचं राहिलंय—”

“ते नंतर विचारा. आधी छापू.”

गुरुवारी सकाळी पहिल्या पानावर सहा कॉलमी मथळा झळकला, ‘आपल्या गल्लीने जगाला शिकवली मैत्री!’ साडेसातलाच साहेबांचा फोन. “बाई, कचेरीचा फोन थांबत नाहीये! सात वाजल्यापासून एकतीस निरोप. भविष्य रद्द! गल्ली पक्की! आता एकच करा. उद्या आठला फोटोवाला पाठवतो. दोघं मित्र एका चौकटीत हवेत. खांद्यावर हात टाकून.”

आठ वाजून गेल्यावर ती चहाचा कप घेऊन गॅलरीत गेली. बादली टांगलेली होती. अण्णा चौथं पान तपासत होते.

“अण्णा, एक विचारू?”

अण्णांनी पेन्सिल थांबवली. “विचार. दोन वर्षांत पहिल्यांदाच विचारते आहेस.”

“ही बादली तुम्ही रोज का टांगता?”

“त्या शिंप्याचं तोंड दिसू नये म्हणून.”

“म्हणजे?”

“म्हणजे तेच.” आणि मग दोन वर्षांत बोलले नव्हते तेवढं अण्णा एका दमात बोलले. “सहा वर्षांपूर्वी त्याच्याकडे विजार शिवायला टाकली. डावा पाय अर्धा इंच लांब. मी म्हटलं, तुझी टेप खोटी आहे. तीस वर्षं मी खोटी मापं पकडली, मला नाही कळणार? तर म्हणतो कसा, विजार सरळ आहे, तुमचाच डावा पाय आखूड आहे! भर दुकानात, सूनबाई. गिऱ्हाइकांसमोर! त्या दिवसापासून बोलणं बंद. बादली अठ्ठावीस सेंटिमीटर रुंद आहे. मी खुर्चीत बसलो की त्याचं तोंड कानांसकट झाकतं. रेषा मोजून आकडा ठोकलाय.”

“मग आत बसून चहा घ्यायचा ना!”

“मी का आत बसू? गॅलरी माझी आहे.”

“आणि लालच का?” सवयीने तिच्या तोंडून निघून गेलं.

“कारण निळी मोरीत लागते.”

तिने पहिलं पान त्यांच्यापुढे धरलं. अण्णांनी मथळा वाचला, खालचा मजकूर वाचला, चष्मा पुसून पुन्हा वाचला. मग उठले, आकड्यावरची बादली काढली आणि म्हणाले, “उद्यापासून बंद. लोकांना वाटेल मी त्याची विचारपूस करतो.”

ती तशीच चपला सरकवून समोर गेली. शिंपीकाकांनी वर्तमानपत्र आधीच वाचलेलं होतं. त्यांचा चेहरा लालबुंद झाला होता आणि गळ्यातली टेप फणा काढल्यासारखी डोलत होती.

“पोरी, हे काय छापलंयस? मी धावत जाईन? त्यांच्यासाठी? माझे गुडघे काय वाटेवर पडलेत?”

“काका, मग ते हिरवं कापड...?”

“तुझ्या सासऱ्यांचं तोंड सकाळी सकाळी पाहिलं, की दिवसभर माझी शिवण वाकडी जाते.”

“पण मध्ये त्यांची बादली असते की. त्यांचं तोंड दिसतच नाही.”

“बादली त्यांची. तिचा काय भरवसा? कापड कसं, आपलं असतं.” काकांनी कात्री टेबलावर आपटली. “पण आता तेही नाही. उद्यापासून कापड बंद. बघू दे जगाला मैत्री!”

कचेरीकडे जाताना तिने हिशेब मांडला. गप्प बसावं, तर कुणालाही कळणार नव्हतं. दोघे म्हातारे एकमेकांशीच बोलत नव्हते, ते जगाशी काय बोलणार! सदर राहिलं असतं, हंस राहिला असता, ग्रंथपाल बाई राहिल्या असत्या. पण ते निळ्या पातेल्याचं पत्र तिला आठवलं आणि तिला स्वतःची लाज वाटली. आजोबांनी तिच्या शब्दावर विश्वास ठेवून ती गोष्ट छापली होती. न विचारताच लिहायचं, तर आपल्यात आणि जिन्यातल्या कुजबुजीत फरक काय राहिला?

तिने खुलासा लिहिला, ‘लाल बादलीच्या वृत्ताबाबत खुलासा करण्यात येतो, की या दोन गृहस्थांमध्ये मैत्री नसून सहा वर्षांचे वैर आहे. बादली व कापड एकमेकांचे तोंड दिसू नये यासाठी टांगले जाते. दोघांपैकी कोणालाही दुसऱ्याची काळजी वाटत नाही. संबंधितांना न विचारता हे वृत्त दिल्याबद्दल बातमीदार दिलगीर आहे.’ अकरा गावांना तो धाडला आणि बारावी प्रत साहेबांपुढे ठेवली.

साहेबांनी ती वाचली. पंख्याकडे बघितलं. पुन्हा वाचली. “बाई, हा हात दाखवून अवलक्षण करण्याचा प्रकार आहे. हे छापलं तर पुढच्या गुरुवारपासून भविष्य. कळतंय ना?”

“कळतंय.”

“तरी छापायचं?”

“साहेब, चूक माझी आहे. छापायलाच हवं.”

माणूस वाईट नव्हता. “चौथ्या पानावर, खाली,” ते म्हणाले. “बारीक टाइपात.”

शुक्रवारी अण्णांनी नेहमीप्रमाणे चौथ्या पानापासून सुरुवात केली. खुलाशापाशी पेन्सिल थांबली, ओळीओळीवरून फिरली आणि न टेकताच पुढे गेली. “एकही चूक नाही,” ते म्हणाले. दोन वर्षांत त्यांनी तिला दिलेली ही पहिली शाबासकी, आणि ती मिळाली सदर बुडाल्याच्या दिवशी.

आठ वाजले. बादली टांगली गेली नाही. समोर कापडही पडलं नाही. फोटोवाल्याला ‘येऊ नको’ सांगायचं राहूनच गेलं होतं, तो खाली कॅमेरा घेऊन उभा होता. तो म्हणाला, “ताई, बादली कुठाय?” ते तिसऱ्या मजल्यावरच्या शाळामास्तरांनी ऐकलं. त्यांनी खिडकीतून मान काढली आणि ओरडले, “अहो, बादली नाहीये! कापडही नाहीये!” झालं! कालचं पहिलं पान अख्ख्या गल्लीने वाचलं होतं. आजच्या चौथ्या पानावरचा बारीक टाइप कोण वाचतो? लाँड्रीवाला इस्त्री तशीच ठेवून आला. भाजीवाली गाडी सोडून आली. कुणी म्हणालं डॉक्टरांना बोलवा, कुणी म्हणालं दार फोडा, कुणी दोन्ही करायला निघालं. ती गॅलरीतून घसा फोडून सांगत होती, “अहो, काही झालेलं नाही! खुलासा छापलाय! चौथं पान बघा!” पण ऐकतो कोण? तिकडे लाँड्रीत इस्त्रीखाली शाळामास्तरांचा सदरा जळत होता, त्याचाही वास कुणाला आला नाही.

ती वैतागून आत वळली, तर अण्णा गॅलरीच्या दाराआड पडद्याच्या फटीला डोळा लावून उभे.

“आठ वाजून सहा मिनिटं,” ते पुटपुटले. “कापड नाही.”

“अण्णा, ते कालच म्हणाले, लावणार नाही.”

“म्हणाला तर म्हणाला. सहा वर्षांत एकदाही चुकलं नव्हतं. काल त्याचा चेहरा कसा होता?”

“लालबुंद.”

“रक्तदाब आहे त्याला. आठ वाजता गोळी असते.”

“तुम्हाला काय माहीत?”

“कापड पातळ आहे त्याचं, मागून उजेड येतो,” अण्णा चिडून म्हणाले. “सहा वर्षं तेच तर बघतोय मी. बादली जरा बाजूला सारली की सगळं दिसतं. मूर्ख माणूस, आठवड्यातून दोनदा गोळी विसरतो. मग मला खोकावं लागतं.”

“खोकावं?”

“मी खोकलो की त्याला आठवतं. बोलणं बंद आहे आमचं, खोकणं नाही.” एवढं बोलून अण्णा वळले आणि एकाच पायात चप्पल घालून जिना उतरायला लागले.

ती मागोमाग धावली. अण्णा दारातून बाहेर पडले, त्याच क्षणी समोरच्या दुकानातून शिंपीकाका बाहेर पडले. ते धावत होते. गळ्यात टेप, हातात अर्धवट शिवलेली बाही, आणि वाटेवर न पडलेले ते दोन्ही गुडघे खाडखाड वाजत होते. रस्त्याच्या मधोमध दोघे समोरासमोर थबकले.

“जिवंत आहात?” काका धापा टाकत म्हणाले.

“दिसत नाही का? आज मध्ये बादली नाही!”

“तेच म्हणतो मी! बादली का नाही लावलीत? माझ्या छातीत धस्स झालं ना!”

“तू कापड का नाही लावलंस? आणि गोळी घेतलीस का?”

“तुम्ही खोकलात कुठे!”

भाजीवालीने पदर डोळ्यांना लावला. पण अण्णांना सहा वर्षांनी शिंपी हाताच्या अंतरावर सापडला होता. त्यांनी खिशातून पोलादी पट्टी काढली. निवृत्त झाले तरी पट्टी खिशात असायची. “आण ती टेप. आज निकाल लागू दे.” भर रस्त्यात टेप पट्टीला लावली गेली. अख्खी गल्ली माना लांब करून बघत होती. टेप तंतोतंत निघाली.

“आता पाय,” काका म्हणाले आणि खाली बसले. अण्णांनी तोल सावरायला त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. उजवा पाय मोजला. डावा मोजला. काकांनी वर पाहिलं.

“पुन्हा मोज,” अण्णा म्हणाले.

तीनदा मोजून झालं. डावा पाय अर्धा इंच आखूड होता. तीस वर्षं जगाची मापं तपासणाऱ्या माणसाने स्वतःचं माप कधी घेतलंच नव्हतं. अण्णांचे डोळे भरून आले. ते ताठ उभे राहिले आणि कचेरीतल्या आवाजात म्हणाले, “माप बरोबर आहे. दुकानदार निर्दोष.” फोटोवाल्याने नेमका तोच क्षण टिपला.

दुपारी साहेब त्या फोटोकडे बघत बसले होते. पायाशी बसलेला एक म्हातारा, त्याच्या खांद्यावर हात ठेवून दुसरा, दोघांच्या डोळ्यांत पाणी.

“बाई, काल तुम्ही म्हणालात मित्र. आज छापलंत वैरी. आता हा फोटो. उद्या काय छापायचं?”

“खुलाशाचा खुलासा,” ती म्हणाली. “साहेब, मला आता खरंच माहीत नाही ते काय आहेत. पण मी जे न विचारता लिहिलं, ते आज खरं झालं.”

“आधी छापलं आणि मग खरं झालं?” साहेबांनी खुर्चीत पाठ टेकली. “अहो, यालाच भविष्य म्हणतात! मग मी आणखी वेगळं कशाला छापू?” त्यांनी राशींचा कागद चुरगाळून टोपलीत टाकला. “गल्ली राहू द्या. पण पुढच्या वेळी विचारून, हं!”

सोमवारी ती अकरा पत्रं उघडायला बसली. दुसरा नियम मोडल्याबद्दल तिला गटातून काढलं असणार, याची तिला खात्री होती. आजोबांचं पत्र पहिलं होतं. ‘तुझा खुलासा वाचून मला झोप लागेना,’ त्यांनी लिहिलं होतं. ‘मी पाव भाजणाऱ्या भावांबद्दल गेल्या वर्षी लिहिलं होतं, की एक रडतो म्हणून दुसरा गातो. काल जाऊन विचारलं. तो गातो म्हणूनच पहिला रडतो. नियम मीच घातला होता. मला माफ करा.’ डोंगरवालीनेही बसचालकाला विचारलं होतं. हंसाला टोपीशी काही देणंघेणं नव्हतं, चालक टोपीत खाऊ ठेवत होता. बंदरवाल्याने तर एकट्याने चार खुलासे पाठवले होते. त्या गुरुवारी ‘जगाची गल्ली’मध्ये नुसते खुलासेच छापले, आणि त्याला जेवढी पत्रं आली, तेवढी कधीच आली नव्हती.

शुक्रवारी सकाळी आठ वाजता ती बॅग घेऊन निघाली आणि दारातच थांबली. आठवडाभर बादली आणि कापड पुन्हा सुरू होतं. आज बादली नव्हती. अण्णा खुर्चीत बसले होते, अगदी धडधाकट. शेजारी दुसरी खुर्ची.

आता ती न विचारता निघून जाणाऱ्यांतली राहिली नव्हती. “अण्णा, बादली?”

“विसरलो.”

“सहा वर्षांत कधी विसरला नाहीत.”

त्यांनी खुर्चीखालून गेल्या शुक्रवारचा अंक काढला, चौथं पान उलगडलं आणि तिच्या हातात दिलं. “त्या दिवशी एक चूक माझ्या नजरेतून सुटली होती,” ते म्हणाले.

खुलाशात एका वाक्याभोवती लाल पेन्सिलीने गोल केला होता. ‘दोघांपैकी कोणालाही दुसऱ्याची काळजी वाटत नाही.’ तिने ते वाचलं. जिन्यावर खाडखाड वाजणारे गुडघे घाईघाईने वर येत होते.

“दुरुस्ती छापायची तर छाप,” अण्णा दुसऱ्या खुर्चीवरची धूळ रुमालाने झटकत म्हणाले. “पण आधी त्यालाही विचार. येतोच आहे वर. आणि सूनबाई, चहा जरा जास्त टाक.”